चेकच्या पाठीवरची नावे

बँकेत ज्यांनी क्लिअरिंगच्या टेबलावर काही वर्षे काढली आहेत, त्यांना एक नियम झोपेतून उठवून विचारला तरी सांगता येईल. चेकवर पैसे घेणाऱ्याचे नाव चुकीचे पडले असेल, तर त्याने पाठीमागे आधी चेकवर आहे तशी, म्हणजे चुकीचीच, सही करायची आणि तिच्याखाली आपली खरी सही करायची. किती खातेदारांना मी हे समजावले असेल याची मोजदाद नाही. आडनावातले एक अक्षर चुकले म्हणून आलेले एक निवृत्त मास्तर तर माझ्यावरच उखडले होते. माझ्याच नावाची खोटी सही मला करायला लावता का, असा त्यांचा सवाल. सवाल बिनतोड होता. पण चेक वटवायचा तर दुसरा मार्ग नव्हता.

हे सारे आठवायला निमित्त झाला तो अमेरिकेतला एक जुना चेक. तारीख १ मार्च १९३८, रक्कम ४१२ डॉलर. देणारी न्यूयॉर्कमधली 'डिटेक्टिव्ह कॉमिक्स' ही कंपनी. सही करणारे जॅक लीबोविट्झ. हे गृहस्थ पेशाने हिशेबनीस, आजच्या युक्रेनमध्ये जन्मलेले आणि लहानपणी अमेरिकेत आलेले. घेणारे दोघे, जेरी सीगल आणि जो शूस्टर. ओहायो राज्यातल्या क्लीव्हलँड शहरातली ही तेवीस-तेवीस वर्षांची पोरे. चेकवर दोघांचीही नावे चुकीची लिहिली गेली होती, आणि म्हणून पाठीमागे दोघांनीही दोन-दोनदा सह्या केलेल्या आहेत. ४१२ पैकी १३० डॉलर होते एका तेरा पानी चित्रकथेचे; पानाला दहा डॉलर. बाकीचे इतर फुटकळ कामांचे. त्या चित्रकथेचे नाव 'सुपरमॅन'. त्या १३० डॉलरच्या बदल्यात तिच्या नायकावरचे सर्व हक्क कायमचे कंपनीच्या मालकीचे झाले.

२०१२ साली हा चेक लिलावात १ लाख ६० हजार डॉलरला गेला. ती तेरा पाने ज्या अंकात छापली गेली, त्या 'अ‍ॅक्शन कॉमिक्स'च्या पहिल्या अंकाची एक प्रत एप्रिल २०२४ मध्ये ६० लाख डॉलरला विकली गेली. अंकाची मूळ किंमत होती दहा सेंट.

अमेरिकेतल्या कॉमिक्सवर आणि पुढे चित्रकादंबरीवर ज्यू स्थलांतरितांचा केवढा प्रभाव आहे, यावर आजवर पुष्कळ लिहिले गेले आहे. ग्रंथ निघाले, प्रदर्शने भरली. मायकेल शेबन यांची याच विषयावरची कादंबरी २००० साली आली आणि तिला पुढच्या वर्षी पुलित्झर मिळाले. हे सगळे वाचताना मला सारखे वाटत आले की, हा प्रभाव शोधायला बहुतेक मंडळी देवळात शिरतात आणि दुकान चुकवतात. मी आयुष्यभर दुकानांचेच हिशेब पाहिले. म्हणून मला तो आधी या चेकच्या पाठीवर दिसतो.

यादी मात्र थक्क करणारी आहे, हे कबूल केले पाहिजे. सुपरमॅनचे कर्ते दोघेही ज्यू. १९३९ च्या मे महिन्यात आलेला बॅटमन बॉब केन आणि बिल फिंगर यांचा; दोघेही ज्यू. कॅप्टन अमेरिका जो सायमन आणि जॅक कर्बी यांचा. पुढे १९६० नंतर ज्यांनी फँटॅस्टिक फोर, हल्क, एक्स-मेन अशी फौजच उभी केली, त्यांत पुन्हा कर्बी आणि त्यांच्या जोडीला स्टॅन ली. 'मॅड' काढणारे हार्वी कर्ट्झमन आणि त्याचे मालक बिल गेन्स. चित्रकादंबरी हा शब्द ज्यांनी रूढ केला ते विल आइझनर आणि तिला पुलित्झर मिळवून देणारे आर्ट स्पीगलमन. केन, फिंगर, ली आणि आइझनर हे चौघे तर न्यूयॉर्कमधल्या एकाच शाळेचे, ब्राँक्समधल्या डेविट क्लिंटन हायस्कूलचे विद्यार्थी.

आणि आमच्या पिढीचा वेताळ? १९६४ साली 'टाइम्स ऑफ इंडिया'ने इंद्रजाल कॉमिक्स सुरू केले. ते मराठीतही येत असे. त्यातला कवटीच्या गुहेत राहणारा फँटम आम्ही डेंकालीचा म्हणजे जवळपास आपलाच समजत होतो. त्याचे जनक ली फॉक. आडनावावरून हा कोणी इंग्रज साहेब असावा अशी माझी शाळेत समजूत होती. पुढे कळले की ते सेंट लुईस शहरातल्या ज्यू घरातले लिऑन ग्रॉस. म्हणजे इकडे मराठी मुलांच्या दप्तरात लिऑन ग्रॉस होते, आणि ना मुलांना ते माहीत होते ना मास्तरांना.

आपल्याला ज्यू म्हटले की कोकणातले, मराठी बोलणारे बेने इस्रायली आठवतात. ही मंडळी वेगळी. रशिया, पोलंड, लिथुआनिया, रुमानिया, ऑस्ट्रियाचे साम्राज्य अशा ठिकाणांहून, यिडिश बोलणारी, दंगलींना आणि दारिद्र्याला कंटाळून निघालेली. १८८१ पासून १९२४ पर्यंत, म्हणजे अमेरिकेने कायदा करून दरवाजे जवळजवळ बंद करेपर्यंत, पूर्व युरोपातून सुमारे वीस लाख ज्यू तिकडे गेले. कॉमिक्सवाले हे त्यांचे मुलगे.

आता या यादीचे करायचे काय? एक पंथ तिचा अर्थ धर्मग्रंथात शोधतो. सुपरमॅन म्हणजे मोझेस, कारण दोघांनाही आईबापांनी संहारातून वाचवण्यासाठी तान्हेपणी दूर पाठवून दिले. त्याचे खरे नाव काल-एल. हिब्रूत 'एल' म्हणजे देव. झाले, सिद्ध! गंमत अशी की १९३९ साली वर्तमानपत्री मालिकेत सीगल यांनी दिलेले नाव 'काल-एल' नव्हतेच. 'काल' आणि पुढे नुसते इंग्रजी 'एल' हे अक्षर, असे ते होते. त्या अक्षराचे हिब्रूसारखे दिसणारे स्पेलिंग केले १९४२ साली, सुपरमॅनवर कादंबरी लिहिणाऱ्या जॉर्ज लोथर यांनी. एका स्पेलिंगवर एवढे मोठे मंदिर उभारले गेले. आणि पाण्यात सोडलेल्या बाळाचे म्हणाल, तर आमच्याकडे कर्णही पेटीतून वाहत गेला आणि कृष्णही यमुनापार गेला. पेटी आणि नदी ही कोणा एका समाजाची मिरास नाही.

दुसरा पंथ नुसती नावे मोजतो, अभिमानाने. मला या मोजणीची थोडी भीतीच वाटते, कारण तीच मोजणी दुसरेही करत असतात. १९४० च्या फेब्रुवारीत 'लुक' पाक्षिकात सीगल-शूस्टर यांनी दोन पानी चित्रकथा दिली होती. तीत सुपरमॅन हिटलर आणि स्टालिन या दोघांनाही मानगुटीला धरून जिनिव्हात राष्ट्रसंघापुढे नेऊन उभा करतो. एप्रिलमध्ये हिटलरच्या एस. एस. दलाच्या मुखपत्राने त्यावर सबंध लेख लिहिला. त्यात चित्रांपेक्षा सीगल यांच्या ज्यू असण्याचाच पाणउतारा अधिक होता. अमेरिकी मुलांच्या मनात ज्यू विष कालवतात, हा त्याचा सूर. म्हणजे यादी तीच, फक्त वाचणारा बदलला. अभिमानाची वही आणि द्वेषाची वही यांत नोंदी सारख्याच असतील, तर त्या नोंदींवरून काही निष्कर्ष काढण्यापूर्वी हिशेबनीस जरा थांबेल.

थांबून पाहिले की बापांचे धंदे दिसतात. शूस्टर यांचे वडील शिंपी. फिंगर यांचे वडील शिंपी. मंदीत त्यांचे दुकान बुडाले. सायमन यांचे वडीलही शिंपी. कर्बी यांचे वडील कपड्यांच्या कारखान्यात कामगार, स्टॅन ली यांचे वडील बायकांचे कपडे बेतणारे. सीगल यांच्या वडिलांचे कपड्यांचे दुकान होते, आणि १९३२ साली त्या दुकानात चोर शिरले असतानाच ते कोसळले व गेले. गोळी न लागणारा नायक मुलाला सुचला तो त्यामुळे, असे काही जण सांगतात. तसे असेलही. इतक्या सरळ रेषेत कथा सुचत नाहीत, हा माझा चार कादंबऱ्यांचा अनुभव आहे.

ही शिंप्यांची मुले चित्रे काढू शकत होती. त्या काळात चित्रकाराला पैसा होता तो जाहिरात संस्थांत आणि गुळगुळीत कागदाच्या मासिकांत. ती दारे ज्यूंना बहुधा बंद. वर्तमानपत्री चित्रमालिकांत रूब गोल्डबर्ग, अल कॅप अशी काही नावे पोचली होती, पण ती जागा दुर्मिळ. उरले ते अगदी तळाचे काम. स्वस्त कागदावरच्या, दहा सेंटच्या, सभ्य घरात लपवून ठेवायच्या पुस्तिका. तो धंदा नवा होता आणि त्याला अब्रू नव्हती. ज्या धंद्याला अब्रू नसते तिथे आडनाव कोणी विचारत नाही. (आपल्याकडच्या सुरुवातीच्या सिनेमाचाही इतिहास याहून फार वेगळा नाही.)

आणि त्या धंद्याची घडी कशी बसली? १९३६ साली आइझनर यांनी जेरी आयगर यांच्याबरोबर न्यूयॉर्कमध्ये एक 'शॉप' काढले. 'शॉप' म्हणजे चित्रांचा कारखाना. ओळीने टेबले, एक जण पेन्सिलीने आकृती काढणार, दुसरा शाई फिरवणार, तिसरा मागची घरे-झाडे भरणार, चौथा फुग्यांतली अक्षरे लिहिणार. पान तयार झाले की पुढच्याकडे. मजुरी पानावर. एकाने बेतायचे, दुसऱ्याने शिवायचे, तिसऱ्याने काजे-बटणे करायची आणि चौथ्याने इस्त्री मारायची, नगाला इतके. बाप कोट शिवत होते, मुले पाने शिवत होती. अमेरिकी कॉमिक्सला ज्यू स्थलांतरितांनी दिलेली पहिली गोष्ट ही कामाची पद्धत होय, असे माझे स्पष्ट मत आहे. आजही मोठ्या कंपन्यांत पेन्सिल एकाची, शाई दुसऱ्याची, रंग तिसऱ्याचा असे चालते ते त्या पायावर.

त्या पद्धतीतच पुढचे दुखणेही होते. शिंप्याने कोट शिवून दिला की कोटावर त्याचा हक्क राहत नाही. नगाची मजुरी घेतली, विषय संपला. सीगल-शूस्टर यांनी १९३८ साली नेमके तेच केले, आणि त्यांना ते करायला लावणारे मालक परके नव्हते. हॅरी डोनेनफेल्ड रुमानियात जन्मलेले ज्यू, लीबोविट्झ युक्रेनमधले ज्यू. कॅप्टन अमेरिका ज्यांनी छापला ते मार्टिन गुडमनही ज्यू. एका समाजाने एकजुटीने एक कला उभारली, असे जे चित्र रंगवले जाते त्याला हा चेक पुरावा देत नाही. न्यूयॉर्कच्या कपडेबाजारात शिवणाराही ज्यू आणि कारखानदारही ज्यू होता; दोघांत संप आणि टाळेबंदी चालू होती. कॉमिक्स हा त्याच बाजाराचा एक कोपरा. फिंगर यांची कथा तर अधिक बोचरी. बॅटमनचा टोप, अंगरखा, करडा रंग, गॉथम हे शहराचे नाव, कितीतरी खलनायक हे त्यांचे. पण करार केला केन यांनी आणि एकट्याचे नाव घालून घेतले. फिंगर १९७४ साली ओढग्रस्तीत गेले. बॅटमनवर त्यांचे नाव अधिकृतपणे येऊ लागले २०१५ पासून.

मग या कथांच्या आत काहीच नाही का? आहे, आणि ते धर्मग्रंथापेक्षा गल्लीतले आहे. पहिल्या वर्षातला सुपरमॅन आज वाचला तर माणूस चकित होतो. परग्रहावरचे राक्षस, जगाचा विनाश असले काही नाही. पहिल्याच अंकात तो चुकून फाशी होणाऱ्या बाईला वाचवतो, बायकोला मारणाऱ्या नवऱ्याला धरतो, मग लाचखोर सिनेटरच्या मागे लागतो. पुढे एका अंकात खाणमालकाला त्याच्याच धोकादायक खाणीत अडकवतो. एकदा तर गलिच्छ चाळी स्वतःच पाडतो, म्हणजे सरकारला नवी घरे बांधून द्यावीच लागतील. हा देवदूत नाही. मंदीच्या काळातल्या स्थलांतरितांच्या वस्तीतला, युनियनच्या सभा ऐकलेला, चिडलेला पोरगा आहे. खेळणी आणि रेडिओवरून पैसा येऊ लागल्यावर मालकांनी त्याला सभ्य केले. मग तो सर्वांचा झाला आणि कोणाच्याच बाजूचा उरला नाही.

एक गोष्ट मात्र या कथांत खोलवर आहे, ती म्हणजे दोन नावे. चष्मा लावणारा बावळट क्लार्क केंट आणि आत दडलेला दुसरा कोणीतरी. ही कल्पना लिहिणाऱ्यांच्या आसपास प्रत्येकाचेच दुसरे नाव होते. रॉबर्ट कान यांचे बॉब केन झाले, जेकब कुर्ट्झबर्ग यांचे जॅक कर्बी, स्टॅन्ली लीबर यांचे स्टॅन ली, लॅटव्हियातून आलेल्या इलाय कॅट्झ यांचे गिल केन. ली म्हणत असत की खरे नाव त्यांनी पुढे लिहायच्या थोर कादंबरीसाठी राखून ठेवले होते. ती कादंबरी लिहिली गेली नाही. कादंबरीकार म्हणून मला या एका वाक्यात त्या धंद्याची सगळी शरम दिसते.

१९४० च्या डिसेंबरात, अमेरिका युद्धात उतरण्याच्या वर्षभर आधी, कॅप्टन अमेरिकाचा पहिला अंक आला. मुखपृष्ठावर नायक हिटलरच्या जबड्यावर ठोसा लगावतो आहे. अमेरिकेतल्या नाझीधार्जिण्यांनी कचेरीवर धमक्यांचा मारा केला. न्यूयॉर्कचे महापौर लागार्डिया यांनी स्वतः फोन करून संरक्षण देऊ केले, असे सायमन यांनी आठवणींत सांगितले आहे. कर्बी पुढे प्रत्यक्ष फ्रान्सच्या आघाडीवर लढले आणि हिमदंशाने पाय गमावता गमावता वाचले. पण त्या अंकाचा नायक स्टीव्ह रॉजर्स, सोनेरी केसांचा. काढणारे ज्यू, ज्याला ठोसा बसला तो ज्यूंचा मारेकरी, आणि पानांवर ज्यू मात्र कुठे नाही. भीती होती, बाजार होता, आणि आपण 'अमेरिकन' आहोत हे दाखवण्याची घाईही होती. कारण काहीही असो, चेकवर लिहिलेल्या चुकीच्या नावानेच सही चालू होती.

युद्धानंतर १९४७ साली सीगल-शूस्टर कोर्टात गेले. पुढच्या वर्षी सुमारे ९४ हजार डॉलरवर तडजोड झाली. सुपरमॅनवरचा हक्क त्यांनी सोडला आणि चित्रकथेवरचे त्यांचे नावही गेले. शूस्टर यांची दृष्टी अधू झाली. एके काळी ते पार्सले पोचवण्याचे काम करत. १९७५ साली, सुपरमॅनच्या भव्य सिनेमाची तयारी चाललेली असताना, नील अ‍ॅडम्स आणि जेरी रॉबिन्सन या चित्रकारांनी आवाज उठवला. तेव्हा कुठे वॉर्नर कंपनीने दोघांना वर्षाला २० हजार डॉलर पेन्शन दिली आणि त्यांची नावे पुन्हा छापायला सुरुवात केली. शूस्टर १९९२ मध्ये गेले, सीगल १९९६ मध्ये. सीगल यांच्या वारसांना २००८ साली पहिल्या अंकाच्या हक्कात वाटा मिळतो असा निकाल लागला आणि २०१३ च्या सुमारास अपिलात तोही निसटला.

मधल्या काळातले एक-दोन टप्पे ओलांडून पुढे जातो. १९५४ साली फ्रेडरिक वर्थम या मानसोपचारतज्ज्ञांनी कॉमिक्स मुलांना बिघडवतात असा ग्रंथ लिहिला, सिनेटपुढे सुनावणी झाली, धंद्याने स्वतःवर सेन्सॉर लादून घेतला. वर्थम हेही जर्मनीतून आलेले ज्यूच. यादीवाल्यांनी त्यांना कोणत्या रकान्यात घालावे? त्याच सुमारास, १९५५ साली, बर्नार्ड क्रिगस्टाइन यांनी 'मास्टर रेस' ही आठ पानांची कथा चितारली. न्यूयॉर्कच्या भुयारी रेल्वेत एक माणूस दुसऱ्याला ओळखतो आणि छळछावणीचा भूतकाळ उघडतो. धावत्या डब्याच्या खिडक्यांसारख्या कापलेल्या त्या चौकटी आजही अंगावर येतात. पण तो अंक आला आणि गेला. अशा कामाला बाजार उरला नव्हता.

आता आइझनर. माझ्या मते या सगळ्या कथेचा कणा हेच आहेत. त्यांचे वडील युरोपातून आलेले चित्रकार. न्यूयॉर्कमधल्या यिडिश नाटकांचे पडदे रंगवत. मुलाला कलेची ओढ बापाकडून आली. आई व्यवहारी, आणि कलेने पोट भरत नाही याची धास्ती तिला कायम. दोन्ही गोष्टी मुलात उतरल्या. १९३९ च्या अखेरीस वर्तमानपत्रांच्या रविवारच्या अंकाबरोबर द्यायची सोळा पानी कॉमिक्स पुरवणी काढण्याचा प्रस्ताव त्यांच्यापुढे आला, तेव्हा त्यांनी एकच अट घातली: 'स्पिरिट' या नायकाची मालकी माझी. बावीस-तेवीस वर्षांच्या पोराची ही अट मान्य झाली. सीगल-शूस्टर यांनी सही केली तेव्हा त्यांचेही वय तेवीसच होते. फरक असा की आइझनर स्वतः शॉप चालवत होते. नगाची मजुरी देणारा कसा विचार करतो ते त्यांना आतून ठाऊक होते.

त्यांना संत करण्याचे कारण नाही. 'स्पिरिट'मध्ये त्यांनी एबनी हा काळा पोरगा जाड ओठांचा, विदूषकी असा काढला. स्वतःच्या समाजाची नाक-दाढीवाली व्यंगचित्रे पाहून ज्याचे रक्त उसळावे त्या माणसाने. पुढे २००३ साली डिकन्सच्या फेगिनवर पुस्तक काढताना त्यांनी प्रस्तावनेत एबनीचाही हिशेब मांडला. आणखी एक. १९३९ साली एका प्रकाशकासाठी त्यांनी सुपरमॅनची नक्कल असलेला 'वंडर मॅन' काढला आणि त्यावर खटला झाला. आपण कोर्टात खरे बोललो, असे चित्र त्यांनी पुढे रंगवले. २०१० मध्ये साक्षीची नोंद उजेडात आली, तर तिथे त्यांनी त्या प्रकाशकाचीच बाजू सावरलेली. मोठे लेखकही आपल्या आठवणींना इस्त्री करतात.

युद्धानंतर वीसेक वर्षे त्यांनी अमेरिकन लष्करासाठी वाहनांची, यंत्रांची देखभाल शिकवणारी चित्रे काढली. मग १९७८ साली, वयाच्या एकसष्टाव्या वर्षी, 'देवाशी करार' या अर्थाचे नाव असलेले त्यांचे पुस्तक आले. 'ग्राफिक नॉव्हेल' हे शब्द त्याच्या कागदी आवृत्तीवर छापलेले होते. हा शब्द त्यांनी शोधलेला नाही, पण जगाने तो तिथून उचलला. नायक फ्रिमे हर्श. रशियातून आलेला श्रद्धाळू मुलगा. लहानपणी त्याने एका दगडावर देवाशी करार कोरलेला असतो: मी चांगले वागेन, तू माझे भले कर. ब्राँक्समधल्या ड्रॉप्सी अव्हेन्यूवरच्या ५५ नंबरच्या चाळीत तो राहतो. दाराशी कोणी टाकून दिलेली मुलगी वाढवतो. ती आजारी पडून मरते. हर्श देवाला जाब विचारतो तो भक्ताच्या भाषेत नाही, करारभंग झाल्यासारखा. दगड खिडकीबाहेर फेकतो, दाढी उतरवतो.

आणि पुढचे वाचताना माझ्यातला बँकवाला खुर्चीत सरळ बसला. सिनेगॉगने विश्वासाने त्याच्याकडे ठेवलेले रोखे तो तारण म्हणून गहाण टाकतो आणि तीच चाळ विकत घेतो. भाडे वाढवतो, कोळसा कमी करतो, श्रीमंत होतो. विश्वस्ताने ठेव वापरली की ऱ्हासाला कुठून सुरुवात होते हे आम्ही चौकशी अहवालांत वाचतो. इथे ते चार चित्रांत आहे. शेवटी त्याला पुन्हा करार हवा असतो. पंचांकडून, रीतसर मसुद्याचा. तो मिळतो, आणि त्याच रात्री हृदय बंद पडते. आइझनर यांची स्वतःची मुलगी ऐन सोळाव्या वर्षी रक्ताच्या कर्करोगाने गेली होती. हर्शचा संताप आपलाच होता, हे त्यांनी पुष्कळ वर्षे कोणाला सांगितले नाही. आयुष्याच्या अगदी अखेरीस लिहिले. २००५ मध्ये ते गेले.

चाळीस वर्षे ही मंडळी उडणाऱ्या, मुखवटे घालणाऱ्या, सोनेरी केसांच्या लोकांची चित्रे काढत होती. या पुस्तकात पहिल्यांदा त्या चाळीतले जिने, पाण्याचे नळ, भाडेकरूंची भांडणे, यिडिश वळणाचे इंग्रजी, आणि हर्श हे नाव उघडपणे आले. मला वाटते, प्रभाव हा शब्द वापरायचाच तर तो इथून वापरावा. आधीचे सगळे श्रम होते. थोर श्रम, पण दुसऱ्याच्या नावावर जमा झालेले. क्लीव्हलँडमध्येच हार्वी पीकर हे किराणा दुकानदाराचे चिरंजीव, रुग्णालयातले फायली लावणारे कारकून, १९७६ पासून आपल्या कारकुनीवरच कॉमिक्स काढू लागले होते. स्वतःच्या नावाने. सुपरमॅनच्या गावात इतका साधा माणूस कागदावर यायला अडतीस वर्षे लागली.

स्पीगलमन यांच्या 'माउस'बद्दल मराठीत थोडेफार लिहून आले आहे, म्हणून विस्तार करत नाही. ज्यू उंदीर, जर्मन मांजरे. पोलंडमधून ऑशविट्झमार्गे न्यूयॉर्कला आलेल्या बापाची, व्लाडेकची, हकिकत मुलगा लिहून घेतो आहे. पहिला खंड १९८६ साली, दुसरा १९९१ साली. १९९२ मध्ये खास पुलित्झर. 'न्यूयॉर्क टाइम्स'ने दुसरा खंड खपाच्या यादीत कथा-कादंबऱ्यांत घातला, तेव्हा स्पीगलमन यांनी पत्र लिहून तो सत्यकथनात हलवायला लावला. २०२२ साली टेनेसी राज्यातल्या एका शाळामंडळाने शिव्या आणि एक विवस्त्र आकृती यांचे कारण देऊन तो अभ्यासक्रमातून काढला. परिणाम असा की पुस्तक पुन्हा खपाच्या याद्यांत वर चढले.

मला त्यातला बाप आवडतो कारण तो आवडण्यासारखा नाही. तारेचे तुकडे जमवतो, गोळ्या मोजतो, अर्धा संपलेला खाऊचा डबा दुकानात परत देऊन येतो, काळ्या माणसाला गाडीत घेतले म्हणून सुनेवर डाफरतो. मेलेल्या बायकोच्या वह्या त्याने जाळून टाकल्या आहेत. छळ सोसला म्हणजे माणूस उजळतो, असली दिलाशाची खोटी नोंद मुलाने केलेली नाही. १९३८ च्या पिढीला असा बाप काढणे शक्यच नव्हते. यादी तपासणारे डोळे दोन्ही बाजूंनी रोखलेले होते.

शेवटच्या पानावर व्लाडेक थकून अंथरुणावर पडला आहे. पुरे झाल्या आता गोष्टी, असे तो मुलाला सांगतो आणि हाक मारताना नाव चुकतो. आर्टऐवजी रिश्यू म्हणतो. युद्धात गेलेल्या थोरल्या मुलाचे नाव. आर्ट ती चूक दुरुस्त करत नाही. त्याखाली आईबापांचा एकच थडग्याचा दगड आहे, दोघांची नावे आणि जन्ममृत्यूची वर्षे कोरलेला, आणि दगडाच्या खाली चित्रकाराची सही: स्पीगलमन, १९७८-१९९१.